घरात समुद्राची झाक : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

मासवण समुद्रावर नाही. सूर्या नदीच्या काठचं हे गाव. किनारा गाठायचा तर पालघर ओलांडून सातपाटी, शिरगाव, माहीम, केळव्याकडे उतरावं लागतं, नाहीतर बोईसरवरून चिंचणी-तारापूरकडे. तरी गावात स्लॅबची नवी घरं उभी राहिली, बोईसरला नोकरी करणाऱ्या मुलांनी फ्लॅट घेतले, की ‘पुढच्या खोलीला जरा समुद्रासारखं करू या’ ही इच्छा हमखास निघते. केळव्याच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये पाहिलेली निळी-पांढरी भिंत डोक्यात असते. मग बाजारात गेलं की निळ्या पट्ट्यांचे पडदे, प्लास्टिकचा नांगर, रेझिनचा तारामासा आणि ‘बीच’ लिहिलेली लाकडी पाटी असा संच समोर येतो. पाच-सात हजार रुपये जातात. आणि घर समुद्राजवळचं न दिसता दुकानासारखं दिसायला लागतं.

आपला समुद्र तसा निळा नाहीच. पालघरच्या किनाऱ्यावर ओहोटीला उभं राहून पाहा : राखाडी-तपकिरी ओली वाळू, गढूळ हिरवट पाणी, मागे सुरूच्या बनाची काळपट हिरवी रांग, वलांडीवर वाळत घातलेले रुपेरी बोंबील. या सगळ्या मऊ रंगांच्या मध्ये भडक असते ती फक्त होडी, तिचा निळा, लाल, पिवळा ऑइलपेंट आणि वरचं निशाण. सजावटीचं सगळं सूत्र यातच आहे. घराचा मोठा भाग ओल्या वाळूच्या, चुन्याच्या, राखाडी-हिरव्या रंगात ठेवा आणि होडीसारखी भडक वस्तू एकच आणा. हे केलं तर खर्चही आटोक्यात राहतो, कारण विकत घ्यायच्या वस्तू फार उरत नाहीत.

पुढचे दर पालघर-बोईसर पट्ट्यात अंदाजपत्रक मांडता यावं म्हणून दिलेले ठोकळ दर आहेत. दुकान, हंगाम आणि कारागीर यांप्रमाणे ते खालीवर होतील, म्हणून दोन ठिकाणी विचारूनच काम ठरवा.

सुरुवात ओलीपासून करायची. आपल्याकडे पावसाचे चार महिने भिंती पाणी पितात. पश्चिमेकडच्या भिंतीला खालून ओल चढत असेल, स्लॅबच्या कोपऱ्यात काळे डाग पडत असतील, तर त्यावर कितीही महागाचा रंग लावा, दिवाळीपर्यंत पोपडे सुटणारच. ओल कुठून येते ते आधी शोधा. गच्चीचा उतार, खिडकीच्या वरच्या छज्जाची भेग, न्हाणीघराची फरशी, बाहेरच्या प्लास्टरचे तडे, बहुतेक वेळा कारण यांपैकीच असतं. साधे तडे भरून बाहेरून वॉटरप्रूफ कोट द्यायचा तर चौरस फुटाला २५ ते ६० रुपयांपर्यंत खर्च येतो. सजावटीसाठी दहा हजार बाजूला काढले असतील आणि भिंत ओली असेल, तर ते सगळे दहा हजार तिथे घाला. पडदे पुढच्या वर्षी घेता येतात. नवं प्लास्टर असेल तर त्याला किमान २८ दिवस सुकू द्या, मगच रंगाचा विचार करा. आणि रंगकाम नोव्हेंबर ते मे या काळात उरका. जूनमध्ये घाईने लावलेला रंग नीट वाळत नाही.

आता भिंतीचं गणित. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. चार भिंतींचं क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दार आणि दोन खिडक्या वजा केल्या की साधारण ३८० उरतं. चांगल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांसाठी ६५-७० चौरस फूट पुरतं, म्हणजे पूर्ण खोलीला सहा लिटर लागेल. मध्यम प्रतीचं इमल्शन लिटरला २५० ते ३५० रुपये धरलं, तर नुसता रंग १,५०० ते २,१०० रुपयांचा. डिस्टेंपर घेतलं तर हाच खर्च पाच-सहाशेत बसतो, पण ओल्या कपड्यानं पुसलं की ते हाताला लागतं, आणि लहान मुलांच्या घरात दोन वर्षांत भिंत मळते. रंगाऱ्याची मजुरी दिवसाला ७०० ते १,००० रुपये आहे. जुनी भिंत घासून, प्रायमर मारून, दोन हात द्यायला दोघांना दोन-तीन दिवस लागतात. पुट्टी नव्याने भरायची असेल तर सामान आणि मजुरी दोन्ही जवळजवळ दुप्पट होतात. म्हणून रंगाऱ्याला विचारताना पहिला प्रश्न ‘किती घ्याल’ हा नको, ‘पुट्टी धरून की सोडून’ हा विचारा. भांडणं इथेच होतात.

दुकानात रंग मिसळून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. फिकट छटा पांढऱ्या बेसमध्ये बनतात आणि त्यांचा भाव पांढऱ्याच्या जवळपास राहतो. गडद निळा, गडद हिरवा यांचा बेस वेगळा असतो आणि तो महाग पडतो. शिवाय गडद रंगाला तिसरा हात द्यावा लागतो. समुद्र म्हणजे गडद निळी भिंत या समजुतीपायी अशी भिंत हजार-दीड हजाराने महाग झालेली असते आणि खोली लहान दिसते ती वेगळी. बिलावर १८ टक्के जीएसटी धरूनच भाव सांगितला आहे ना, हेही विचारा.

चारही भिंती करायची गरज नाही. जिच्यावर दुपारनंतरचा उजेड पडतो ती एक भिंत ओल्या वाळूच्या रंगात करा, बाकीच्या आहेत तशा पांढऱ्या असू द्या. एका लांब भिंतीला दोन लिटर रंग, थोडा प्रायमर, पॉलिश पेपर आणि एक दिवसाची मजुरी धरून १,८०० रुपयांच्या आत काम होतं.

माझं मत विचाराल तर किनाऱ्याचा खरा पोत चुन्यात आहे. चुन्याची भिंत एकसारखी नसते, उजेडात ती थोडी ढगाळ दिसते, आणि ते इमल्शनला जमत नाही. पिशवीतला चुना किलोला १५ ते ३० रुपयांना मिळतो. रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, धरून राहावा म्हणून थोडा डिंक किंवा फेविकॉल घालायचा आणि पिवळटपणा मारायला चिमूटभर नीळ. हातानं केलं तर एक खोली हजार रुपयांच्या आत होते. मात्र जुन्या ऑइलपेंटवर किंवा इमल्शनवर चुना बसत नाही. साध्या सिमेंट प्लास्टरवर किंवा मातीच्या भिंतीवरच तो टिकतो. चुना भिजवताना आणि लावताना डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे हवेतच. मुलांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. डोळ्यात चुना गेला तर भरपूर पाण्यानं धुवत राहून लगेच दवाखाना गाठावा लागतो.

ज्यांची घरं अजून कारवीच्या कुडाची आणि शेणा-मातीनं सारवलेली आहेत, त्यांनी तर रंगाच्या दुकानाकडे फिरकूच नये. गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाची रेघ यांच्या तोडीची सजावट मुंबईतला कुठलाही सजावटकार करून देऊ शकणार नाही.

आणि इथेच या भागाची सगळ्यात मोठी ठेव येते. वारली चित्रात शेत आणि तारपा आहे तसं पाणीही आहे : मासे, खेकडे, जाळं टाकणारी माणसं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी जाळ्याचं चित्र असं काही रंगवलं, की बारीक रेषांच्या त्या विणीत सगळा कागद भरून जातो. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या मागून शिकलेले कितीतरी हात आज डहाणू, जव्हार, पालघर, विक्रमगडमध्ये काम करतात. समुद्राची झाक हवी असेल तर प्लास्टिकचा नांगर सोडा आणि यांच्यापैकी कुणाकडून मासे-जाळ्याचं एक चित्र करून घ्या.

नव्या चित्रकाराचं कापडावरचं हातभर चित्र साधारण ८०० ते २,००० रुपयांत मिळतं. नावाजलेल्या कलावंताचा भाव अर्थातच वेगळा. भिंतीवर काढून घ्यायचं तर चौरस फुटाचा दर ठरतो, साध्या कामाला १५० पासून बारीक कामाला ४०० रुपयांपर्यंत. तीन बाय चार फुटांचं चित्र म्हणजे बारा चौरस फूट, १,८०० ते ४,८०० रुपये. रंग कोणाचा, जेवण-प्रवास कोणाचा, किती दिवसांत पूर्ण करायचं, हे आधी बोलून घ्या. पांढऱ्यासाठी ॲक्रिलिक रंग वापरायला सांगा, पोस्टर कलर पहिल्याच ओल्या फडक्याला पुसला जातो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तरी छापील स्टिकर ‘वारली आर्ट’ म्हणून सर्रास विकले जातात. हातानं काढलेल्या चित्रात सारख्या दिसणाऱ्या दोन आकृतींची जाडी, कोन, डोक्याचा गोल किंचित वेगळा असतो. छापील चित्रात तीच आकृती तंतोतंत पुन्हा येते. एवढं पाहिलं तरी फरक कळतो.

बांबूचं काम आपल्या दाराशी आहे. आठवडी बाजारात टोपली, सूप, पाटी घेऊन बसणाऱ्या बाया असतात. वसई तालुक्यातल्या भालिवलीला सेवा विवेक संस्थेत आदिवासी महिला बांबूच्या दिव्यापासून ट्रेपर्यंत वस्तू बनवतात. विणलेली मध्यम टोपली १५० ते ३०० रुपयांना मिळते. ती उलटी टांगून, तळाला भोक पाडून होल्डर आणि वायर बसवली की छताचा दिवा तयार. सामान शंभर-सव्वाशेचं, नऊ वॉटचा पिवळसर उजेडाचा एलईडी शंभरचा. सगळं मिळून पाचशेच्या आसपास. असाच दिवा शोरूममध्ये दीड हजाराच्या पुढे जातो. आत एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापतो आणि बांबू पेट घेऊ शकतो. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. घेण्याआधी टोपली पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. पिवळसर भुकटी पडली तर तिला कीड लागलेली आहे. नव्या टोपलीला बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवलं आणि वर जवसाच्या तेलाचा हात दिला, तर ती बरीच वर्षं टिकते.

वलांडीची कल्पनाही घरात वापरण्याजोगी आहे. दोन उभे बांबू, मध्ये ताणलेले काथ्याचे दोर. न्हाणीघराबाहेर टॉवेलला, मुलांच्या खोलीत चित्रं अडकवायला, दोन-तीनशे रुपयांत होतं. जुनं जाळं हवं असेल तर कोळीवाड्यात विचारा, टाकाऊ तुकडा शे-दोनशेत किंवा फुकटही मिळतो. पण ते नायलॉनचं असतं. सोड्याच्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलून, कडक उन्हात वाळवल्याशिवाय वास जात नाही. स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्याजवळ ते लावू नका, नायलॉन झटकन पेटतं. सगळी भिंत भरून जाळं टांगू नये हेही सांगतो. त्यात धूळ बसते, पाली अडकतात, आणि पाहणाऱ्याला ते ओझं वाटतं. एका आरशाच्या कडेला हातभर तुकडा पुरे.

पडद्यांचा हिशोब लोक नेहमी चुकवतात. चार फूट रुंद खिडकीला चुण्या नीट पडायला दुप्पट, म्हणजे आठ फूट कापड हवं. ४८ इंच पन्ह्याचे दोन तुकडे झाले. उंची पाच फूट असेल तर दुमड आणि आटणं धरून प्रत्येकी दोन मीटर घ्या, म्हणजे एका खिडकीला चार मीटर. साधं सुती कापड मीटरला १२० ते २५० रुपये. कटपीसच्या दुकानात शोधलं तर यापेक्षा कमी. शिलाई पडद्यामागे ८० ते १५०, दांडी दोन-तीनशे. म्हणजे स्वस्तातलं कापड घेतलं तर एक खिडकी हजार-अकराशेत बसते. कापड शिवण्याआधी भिजवून वाळवा, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. तयार पडदे घेणार असाल तर नग २,५०० रुपयांच्या आतला असल्यास जीएसटी ५ टक्के, त्याहून महाग असल्यास १८ टक्के हा फरक लक्षात घ्या. शुभ्र पांढरा पडदा फोटोत सुंदर दिसतो, पण रस्त्यांची आणि बुलेट ट्रेनची कामं चाललेल्या या पट्ट्यात तो दर आठवड्याला धुवावा लागेल. कोऱ्या मांजरपाटाचा मळखाऊ रंगच वाळूच्या जवळ जातो आणि धूळही झाकतो. उशांच्या अभ्र्यांना कोळ्यांच्या चौकड्यांच्या रुमालाचं कापड वापरा. दोन अभ्रे शिलाईसह चारशे-सव्वाचारशेत होतात आणि ते आपल्याच किनाऱ्याचे दिसतात.

होडीचा भडक रंग हवा म्हटलं होतं, तो इथे : घरातला जुना लाकडी स्टूल किंवा पाट घासून घ्या आणि त्यासाठी ऑइलपेंटचा लहान डबा नि ब्रश आणा. दीडशे रुपये. निळा, लाल किंवा पिवळा, पण एकच.

शिंपल्यांसाठी पैसे देऊ नका. घरी तिसऱ्या, कालवं होतात, त्यांचीच कवचं ठेवा. दहा मिनिटं उकळा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, घासून उन्हात टाका. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, आम्लानं कवच झिजतं. माकुलाचं पांढरं कवच, म्हणजे समुद्रफेस, आणि सुरूची वाळकी फळं मातीच्या ताटलीत ठेवली की टेबलाला दुसरं काही लागत नाही. किनाऱ्यावरून वाळूच्या पिशव्या भरून आणू नका, तिवराची फांदी तोडू नका. दोन्ही कायद्यानं मना आहे, आणि किनारा झिजतो तो यामुळेही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पर्यटनस्थळी आणि ऑनलाइन प्रवाळाचे तुकडे, वाळवलेले समुद्रघोडे, मोठे चमकदार शंख विकायला असतात. काळ्या जाळीदार झाडासारखं दिसणारं ‘इंद्रजाल’ घरात ठेवलं की नजर लागत नाही, असं सांगून फ्रेम करून विकतात. ती वनस्पती नाही, ते काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा आहे, समुद्रातला जीव. प्रवाळं, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि शंखांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. यांतले पहिल्या अनुसूचीतले जीव बाळगण्या-विकण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. ‘दुकानात मिळालं’ हा बचाव होत नाही. कुणी वास्तुशांतीला भेट दिलं तरी स्वीकारू नका. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना बसवलेली शिंपल्यांची दुधी तावदानं फार देखणी आहेत, पण तीही नव्याने मागवू नका. काचेवर दुधी फिल्म लावली तरी उजेड तसाच मऊ होतो, आणि तिचा खर्च खिडकीला काही शेकड्यांतच राहतो.

जहाजातून निघालेल्या पितळी खिडक्या, कंदील यांचं आकर्षण असेल तर मुंबईत दारूखाना आणि चोरबाजार, गुजरातेत अलंग ही ठिकाणं आहेत. दर हजारांत असतात आणि ‘जुनं’ म्हणून नवं बनवलेलं खूप असतं. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेला ते चिकटत नाही, वरून मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतं. मासवणच्या घराला या वस्तूंची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातपाटी, मुरबे, चिंचणीच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तुमच्याकडे खारा वारा लोखंडी दांडी, बिजागऱ्या, खिळे दोन-तीन वर्षांत खातो. थोडे जास्त पैसे देऊन स्टेनलेस स्टील किंवा लाकडी दांडी घ्या. मासवण-मनोरकडे रंगवलेलं लोखंड चालतं, तिथे पैसे वाचवा. काथ्याच्या चटया, दोर, बांबू मात्र सगळीकडेच जूनमध्ये उन्हात वाळवून माळ्यावर टाकायचे आणि नवरात्राच्या सुमारास काढायचे, नाहीतर बुरशी धरते.

दहा बाय बाराच्या पुढच्या खोलीचा हिशोब असा बसतो : एक भिंत १,८००, दोन खिडक्यांचे पडदे २,२००, टोपलीचा दिवा ५००, दोन अभ्रे ४२०, काथ्याची चटई ३००, स्टुलाचा रंग १५०, वारली चित्र १,२००. एकूण ६,५७०. भाड्याचं घर असेल तर भिंत वगळा, पावणेपाच हजारांत होईल. हातात दोनच हजार असतील तर चित्र आणि दिवा घ्या, बाकी राहू द्या.

प्रत्येक खरेदीचं बिल घ्या. रंगाऱ्याकडून दर, हातांची संख्या, रंगाचं नाव आणि तारीख कागदावर लिहून सही घ्या. ऑनलाइन वस्तू फोटोपेक्षा वेगळी आली, परत घेत नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. दुकानदाराशी, कंत्राटदाराशी भाव करा, जरूर करा. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईशी मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. बांबू तोडून आणण्यापासून टोपली विणून होईपर्यंत तिचा दिवस गेलेला असतो.